डाग कशाचा, ते आधी सांगावं

१२ जानेवारी

लेकरा,

तुझं पाकीट पोचलं. पोस्टमन आला तेव्हा सूनबाई मागे चादरी वाळत घालत होती, म्हणून घेतल्याची सही मीच केली. पाकीट जाड होतं. मला वाटलं, पोराने इतक्या दिवसांनी पोटभर लिहिलंय. चष्मा पुसून, खुर्ची उजेडाला ओढून बसलो आणि उघडलं, तर फारकतीचा कागद. चार पानं. शेवटच्या पानावर तुझी सही, आणि शेजारी तिच्या सहीसाठी मोकळी रेघ.

सही निळ्या शाईत आहे. म्हणजे तुझ्या लग्नात मी दिलेलं शाईचं पेन अजून तुझ्याजवळ आहे. तेवढ्यानेच बरं वाटलं बघ. बापाची जात अशी, घर पेटलं तरी आधी चूल शाबूत आहे का ते बघणारी.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. कागद तिला अजून दिलेला नाही. सध्या कामाची रेटारेटी आहे. रुग्णालयाच्या चादरी आठवड्यातून दोनदा येतात, शिवाय तिला सर्दी झाली आहे. शिंकणाऱ्या माणसाच्या हातात असले कागद देऊ नयेत. जरा बरी झाली की देईन. कागद नीट ठेवला आहे, काळजी नको.

बाकी लाँड्री चालली आहे. पिळायचं यंत्र अजूनही चालू होताना म्हाताऱ्यासारखं खोकतं. शेजारची शिंपीण काल म्हणाली, "काका, ते यंत्र आणि तुम्ही एकाच दिवशी बंद पडणार." मी म्हटलं, "पडू दे, दोघांना एकच गाडी लागेल."

एक गोष्ट सांगू की नको, असं होतंय. तुझे शर्ट कपाटात आहेत ना, सहा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती ते काढते, धुते, इस्त्री करते आणि परत ठेवते. मी एकदा विचारलं, "पोरी, न घातलेले कपडे कोण धुतं?" ती म्हणाली, "नुसते ठेवलेले कपडे पिवळे पडतात, बाबा."  

जपून राहा. बंदरावरच्या त्या क्रेनवर चढताना शिडीचा दांडा दोन्ही हातांनी धर.

तुझा,
बाबा

२७ जानेवारी

लेकरा,

तुझं उत्तर आलं. तीन शब्द. "सही घेऊन पाठवा." तारेचे दिवस गेले रे, आता शब्द मोजावे लागत नाहीत.

पाठवतो. पण आधी परवाची गोष्ट ऐक.

चर्चच्या पाळकबाबांनी पुन्हा एक जोडपं माझ्याकडे पाठवलं, लग्नाआधीच्या शिकवणीला. मुलगा बसवर कंडक्टर, मुलगी रुग्णालयात परिचारिका. तुला ठाऊकच आहे, चर्चच्या मंडळीत मला वडील, म्हणजे चार लोकांना सांगणारा-सवरणारा, म्हणून नेमलं तेव्हापासून हे काम माझ्याकडे आहे, आणि या कामामुळेच पोरं मला पाठीमागे 'डागवाले काका' म्हणतात. पाठीमागे म्हणतात म्हणजे मला ऐकू येईल एवढ्या अंतरावरून.

मी नेहमीचंच सांगितलं. प्रभू ख्रिस्ताने मंडळीवर, म्हणजे आपणा सगळ्यांवर, प्रीती केली, तिच्यासाठी जीव दिला, का? तर ती आपल्यापुढे उभी राहील तेव्हा तिच्यावर डाग नसावा, सुरकुती नसावी. नवराबायकोचं नातं त्याच प्रीतीचं प्रतिबिंब आहे. मग मी माझा पांढरा रुमाल काढला, त्यावर चहाचा थेंब पाडला आणि तो कसा काढायचा ते दाखवलं. पंचवीस वर्षं हाच रुमाल, हाच चहा.

ती परिचारिका हात जोडून बसली होती, पण डोळे जागे होते. म्हणाली, "काका, एक विचारू? राग नका मानू."

"विचार की."

"तुमच्या गोष्टीत नवरा नेहमी धुणारा आणि बायको नेहमी डागाची. पण डाग खरा कुणाचा होता, हे कोण तपासतं?"

कंडक्टर हसला. म्हणाला, "झालं! लग्नाआधीच माझं तिकीट फाटलं."

मीही हसलो. पण लेकरा, पुढची प्रार्थना मी अर्ध्यावर विसरलो. आयुष्यात पहिल्यांदा. पाणी प्यायलो आणि म्हटलं, वय झालं.

ती दोघं गेल्यावर तुझी आई आठवली. मी असलं शिकवून घरी आलो की ती तव्यावरून नजर न काढता म्हणायची, "डागाचं एवढं सांगता, हातांचं कोण सांगणार? कपडा पांढरा होतो तेव्हा धुणाऱ्याचे हात फुटलेले असतात." मी म्हणायचो, "तू शिकव मग." ती म्हणायची, "मला भाकऱ्या आहेत." तिचं बोलणं मी हसण्यावारी न्यायचो. माझं शिक्षण ते केवढं, कपड्यांवरच्या खुणा वाचता वाचता अक्षरं शिकलेला माणूस मी. पण चार लोक ऐकायला बसले की अंगात वारं शिरतं.

कागद अजून दिलेला नाही. खोटं कशाला बोलू, सर्दी तिची कधीच गेली. कागद इस्त्रीच्या टेबलावर आहे, वरच्या पांढऱ्या चादरीच्या आणि खालच्या घोंगडीच्या मध्ये. माझ्या खोलीत ती झाडायला येते, कपाटाची किल्ली तिच्याकडे. घरात तेवढीच एक जागा उरली होती जिथे कुणी बघत नाही. त्यावर ती रोज उभी राहून इस्त्री करते आणि मी समोर बसून घड्या घालतो. 

थोडा धीर धर.

बाबा

९ फेब्रुवारी

लेकरा,

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. उजाडलं.

काल सकाळी चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या मेजावरचा कपडा धुऊन इस्त्रीला आला. तोच लिननचा, ज्याची किनार तुझ्या आईने विणली होती. तुला माहीत आहे, लिनन ओलाच इस्त्री करावा लागतो, पाणी मारून, जड हाताने. एरवीचे कपडे कोरडेच असतात, म्हणून इतके दिवस काही झालं नव्हतं. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. चाळीस वर्षं हेच केलं आणि नेमकं हेच सुचलं नाही. चोराला चोरी सुचते, पावलं पुसायची सुचत नाहीत.

तिने पाणी मारलं, इस्त्री दाबली, उचलली. कपड्यावर निळं उमटलं होतं. आधी एक ठिपका, मग रेघ. तिला वाटलं इस्त्रीच्या तळाला काही लागलंय. तळ पुसून तिने पुन्हा दाबली. तर खालून ती लांब शेपटी वर आली. तुझ्या सहीची शेपटी, पतंगासारखी, शाळेत असल्यापासूनची.

ती थांबली. मला म्हणाली, "बाबा, हा डाग कशाचा?"

मी घड्या घालत होतो. वर न बघता म्हटलं, "कुणाचं तरी पेन गळलं असेल."

"गळक्या पेनाला कधीपासून सही करता यायला लागली?"

मी हातातली घडी मोडून पुन्हा घालायला घेतली.

लेकरा, तिने आधी काय केलं सांगू? इस्त्रीचं बटण बंद केलं. इस्त्री उभी ठेवली. मग चादर उचलली आणि कागद काढला. उभ्याउभ्याच वाचला, चारही पानं, बोट न फिरवता. तू तिला मास्तरीण म्हणायचास ना, तशीच दिसत होती, कुणाची तरी वही तपासल्यासारखी. वाचून झाल्यावर घडी घातली आणि एप्रनच्या खिशात टाकली. डोळ्यांतून टिपूस नाही.

मला म्हणाली, "किती दिवस होता हा इथे?"

"महिना होत आला."

"म्हणजे महिनाभर मी यावरच इस्त्री करतेय." मग थोडं हसल्यासारखं केलं. "निदान सुरकुती तरी राहिली नाही."

ती तो कपडा घेऊन मोरीवर गेली. मी मागे गेलो. गार पाण्याची बादली भरली, कपडा बुडवला. मी म्हटलं, "पोरी, मी चुकलो, मला सांगायला हवं होतं." ती पाण्याकडे बघत म्हणाली, "बाबा, मी या घरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात तुम्ही मला काय शिकवलंत? गिऱ्हाईक डागाबद्दल खोटं बोलतं. रक्त असलं तर रंग म्हणतं, दारू असली तर सरबत म्हणतं. आपण त्यावर विश्वास ठेवून भलतंच औषध घालतो आणि डाग जन्माचा पक्का होतो. म्हणून डाग कशाचा ते खरं कळेपर्यंत पाणी गार ठेवायचं. गरम पाण्याला हात लावायचा नाही."

एवढंच. ती कागदाबद्दल बोलत होती की आणखी कशाबद्दल, ते तिने सांगितलं नाही. पण मला कळलं. तुला कळणार नाही, कारण तुला माहीतच नाही.

 उरलेलं लिहायला चार दिवस दे.

बाबा

१३ फेब्रुवारी

लेकरा,

हे पत्र बसून वाच. क्रेनवर चढायच्या आधी वाचू नकोस. कामावरून उतरल्यावर वाच.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाबद्दल तुला जे माहीत आहे ते असं. ती सहा महिन्यांची पोटुशी होती. डॉक्टरीणबाईंनी ओझं उचलू नको म्हणून बजावलं होतं. तरी तिने हौदातलं ओल्या चादरींचं गाठोडं उचलून पिळायच्या यंत्रात घातलं. दुपारी पोटात कळ आली. संध्याकाळपर्यंत आपलं लेकरू गेलं. तू कामावरून धावत आलास. तिच्या खाटेपाशी उभा राहिलास आणि तुझं पहिलं वाक्य होतं, "कुणी सांगितलं होतं तुला ओझं उचलायला?"

ती म्हणाली, "कुणी नाही. माझीच चूक झाली."

खोटं होतं ते. मी सांगितलं होतं.

माझी पाठ धरली होती. रुग्णालयाची गाडी दारात येऊन उभी, ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, आणि मी ओरडलो, "पोरी, जरा हात लाव, एवढं एकच." ती म्हणाली, "बाबा, मला उचलायचं नाही ना." मी काय म्हणालो ते लिहिताना पेन अडतंय. मी म्हणालो, "तुझी सासू आठव्या महिन्यापर्यंत हौदावर उभी असायची." तुझी आई जाऊन चारच महिने झाले होते. तिचं नाव मी असं वापरलं. पोरीने मग काही न बोलता गाठोडं उचललं.

तू तो प्रश्न विचारलास तेव्हा मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तिने आधी माझ्याकडे बघितलं. एकच क्षण. मला वाटलं, आता ती माझं नाव घेणार.  आणि तिने ते स्वतःवर घेतलं.  मी मनात म्हटलं, पोरगा शांत झाला की उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. तू तिच्याशी बोलणं टाकलंस, मग जेवणाचं ताट बाजूला नेऊ लागलास, मग बंदरावरची नोकरी धरलीस. प्रत्येक पायरीवर मला तोंड उघडता आलं असतं. मी काय केलं? तुझी पेटी उचलून स्टेशनवर पोचवायला आलो आणि गाडीच्या खिडकीतून तुला म्हणालो, "तिला माफ कर रे, ख्रिस्ताने मंडळीला केलं तशी." कसल्या तोंडाने म्हणालो असेन!

डॉक्टरीणबाईंनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की असं एका गाठोड्याने होतं असं नाही, पुष्कळदा कारण कळतच नाही, कुणी कुणाला दोष देऊ नये. तेही मी तुला नीट सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, "पण उचलायला लावलं कुणी?" म्हणून तेही गिळलं.

हे मी तुझी दया यावी म्हणून लिहीत नाही. राग धर. माझा आहे तो, माझ्या पत्त्यावर पाठव. दोन वर्षं चुकीच्या घरी टाकत होतास.

आता एकच शिकवण, आणि ही चहाच्या थेंबाची नाही. पंचवीस वर्षं मी पोरांना सांगितलं की नवऱ्याने ख्रिस्तासारखं व्हावं, आणि मनात चित्र काय? नवरा स्वच्छ पांढरा उभा आणि बायकोच्या पदरावर डाग शोधतोय. पण प्रभूने डाग शोधला नाही रे. लोकांचा डाग स्वतःच्या अंगावर घेतला आणि बघणाऱ्यांना वाटलं तो त्याचाच आहे. लोक त्याच्यावर थुंकले. तो म्हणाला नाही, "हा माझा नव्हे." आणि मंडळी धुतली गेली, गोरीगोमटी झाली, मग त्याने प्रीती केली, असंही नाही. आधी प्रीती, मग धुणं. कुठलीही धुणारी बाई सांगेल, घाण लागलेला कपडा आधी हातात घ्यावा लागतो.

ते प्रतिबिंब मी आपल्या घरात बघितलं. आरसा म्हणजे चेहरा नव्हे, एवढं मला कळतं. तीही माणूस आहे, तिलाही राग येतो, परवाच तिने यंत्राला लाथ घातली. पण तिच्यात मला तो चेहरा दिसला. आणि मी, मंडळीचा वडील, त्या आरशाकडे पाठ करून लोकांना चेहऱ्याचं वर्णन सांगत बसलो.

तू नवरा आहेस. तुला परत ये असं सांगायचा हक्क मी घालवला आहे, म्हणून सांगत नाही. फक्त डाग कशाचा ते खरं सांगितलं. आता काय करायचं ते तू ठरव.

बाबा

८ मार्च

लेकरा,

तीन आठवडे झाले, तुझ्याकडून काही नाही. बरोबर आहे.

हे पत्र तिला सांगून लिहितोय. मागचंही तिला वाचायला दिलं होतं, टाकायच्या आधी. तिने वाचलं आणि तिचा चेहरा पडला. "का लिहिलंत?" म्हणाली. "दोन वर्षं जे झाकलं ते तुम्ही एका पानात उघडं केलंत."

मी म्हटलं, "पोरी, तू का झाकलंस? मी तुझा कोण?"

तिने रुमालांची चळत नीट केली, पुन्हा मोडली, पुन्हा नीट केली. मग म्हणाली, "आई जाऊन चारच महिने झाले होते. त्याला बाप तरी उरावा असं वाटलं. माझ्यावरचा राग आठवड्यात उतरेल असा माझा हिशोब होता. बापावरचा राग जन्मभर टिकतो." मग नाक ओढून म्हणाली, "हिशोबात मी कच्चीच. शाळेतही."

मग पहिल्यांदा रडली. उभ्याउभ्या, एप्रनला तोंड पुसत. मला वाटतं, त्या दिवसापासून साठवलेलं होतं. शिंपीण भिंतीपलीकडून म्हणाली, "काय गं, काय झालं?" ती म्हणाली, "सोडा डोळ्यात गेला, मावशी." शिंपीण म्हणाली, "सोडा असा हुंदके देत जात नाही." आणि चहा घेऊन आली. काही विचारलं नाही बाईने. तोंडाची फाटकी असली तरी अशा वेळी शिवून घेते.

कागदाचं तिने काय ठरवलं ते तिच्याच शब्दांत कळवतो. "या कागदावर आता त्याची सही राहिलेली नाही, बाबा. अर्धी कागदावर, अर्धी प्रभूच्या मेजावरच्या कपड्यावर. खरं कळल्यावरही त्याला करायची असेल, तर इथे येऊन माझ्यासमोर करू दे. मी त्याच्या शेजारी करीन. रडणार नाही, अडवणार नाही. पण पाकिटातून नाही. लग्न पाकिटातून झालं नव्हतं."

आणि हेही म्हणाली, "आणि त्याने येऊन नुसतं 'चल, झालं गेलं विसर' म्हटलं, तरी मी लगेच ताट वाढणार नाही. मला त्याने विचारायला हवं होतं. एकदा तरी, शांतपणे. बाबांनी लपवलं ते बाबांचं. न विचारणं त्याचं." हे मला कळवायला सांगितलेलं नाही, पण मी आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय.

मेजावरच्या कपड्याचं सांगायचं राहिलं. शाई निघाली, पण फिकट निळी रेघ उरली. ती तो घेऊन पाळकबाबांकडे गेली, म्हणाली, "दुसरा देते." त्यांनी उजेडात धरून बघितला. म्हणाले, "हाच टाका. या मेजावर डाग असलेल्यांनाच तर बोलावलंय." रविवारी तो मेजावर होता. मी पहिल्या बाकावरून उठलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, जे तुला लिहिलं तेच, थोडक्यात. आणि म्हटलं की शिकवणीचं काम दुसऱ्या कुणाला द्या.  मग त्या कंडक्टरची परिचारिका मागून म्हणाली, "काका, आमचं लग्न पुढल्या महिन्यात आहे. आमची शिकवण अर्धी राहिलीय. आता पूर्ण करा." पाळकबाबांनी मान डोलावली.

मी भाकर घ्यायला पुढे गेलो तेव्हा त्या निळ्या रेघेवरच नजर गेली. तुझी शेपटी. लेकरा, दोन वर्षांनी तू आणि मी एका मेजापाशी होतो.

बाबा

२ एप्रिल

लेकरा,

काल ट्रकवाला येऊन गेला. म्हणाला, "बंदरावरच्या क्रेनवाल्याने दिलंय. लाँड्रीत टाक म्हणाला, ओळखतील." गाठोडं टाकलं आणि गेला.

चिठ्ठी नाही, काही नाही. पाच शर्ट, दोन विजारी, ग्रीस आणि घामाने कडक झालेले. बंदरावर काय लाँड्र्या नाहीत, एवढ्या लांब धुणं पाठवायला?   तिने एक शर्ट उलटा केला, कॉलरच्या आत बघितलं. तुझ्या आईने तुमच्या लग्नाच्या दिवशी दोघांच्या कपड्यांना एकच खूण घातली होती ना, लाल दोऱ्याचे दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी आडवी रेघ. ती होती. दोरा फिका झालाय, पण उसवलेला नाही. चार शर्टांना तुझ्या आईच्या हातची खूण. पाचवा नवा, तू तिकडेच घेतलेला. त्यालाही खूण होती. वेडीवाकडी, गाठी बाहेर आलेल्या, पुरुषाच्या हातची. ती त्या खुणेवरून बोट फिरवत बसली. म्हणाली, "बाबा, बघा, सुई धरता येत नाही त्याला."

मग नियमाप्रमाणे खिसे तपासायला घेतले. खिसा तपासल्याशिवाय कपडा पाण्यात जात नाही, हे तुला चार वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. म्हणूनच तू एवढ्या लांबून धुणं पाठवलंस, हे आता माझ्या लक्षात येतंय. पाचव्या शर्टाच्या खिशात कागद होता. घड्या घालून घालून चौकोनी सुपारीएवढा केलेला. वर तिचं नाव, निळ्या शाईत.

ती तो घेऊन मागच्या अंगणात गेली. चादरींच्या रांगांमध्ये. मला फक्त तिचे पाय दिसत होते, चादरीखालून. ते बराच वेळ हलले नाहीत. मी यंत्र चालू केलं, म्हणजे तिला वाटू नये की मी कान लावून आहे. यंत्र खोकलं. मी त्याला म्हटलं, खोक बाबा, आज मनसोक्त खोक.

तू काय लिहिलंस ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. मला तू काही लिहिलं नाहीस, तेही ठीक आहे. माझा नंबर मागचा. मी रांगेत उभा राहीन.

आत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते, पण आवाज सरळ होता. चार शर्ट तिने मोरीवर ठेवले. पाचवा बाजूला ठेवला. मी विचारलं, "हा नाही धुवायचा?" ती म्हणाली, "यावर ग्रीस आहे की शाई आहे की आणखी काही, मला काय माहीत? ज्याचा शर्ट त्याने सांगावं."

मग एप्रनच्या खिशातून फारकतीचा तो कागद काढला. मला वाटलं फाडणार. फाडला नाही. इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, उघडा, सगळ्यांना दिसेल असा, आणि वर तुझा पाचवा शर्ट घडी घालून ठेवला. म्हणाली, "बाबा, तुम्ही पत्र लिहिताय ना? शेवटची ओळ मला लिहू द्या."

देतोय तिच्या हातात पेन. तिचे हात बघ लेकरा, येशील तेव्हा. फुटले आहेत.

*शर्टावरचे डाग कशाचे, ते सांगायला तू ये. पाणी गार ठेवलंय.*